हा लेख कधीचा आहे?

शनी ग्रहाला चंद्र किती, हे शाळेच्या प्रकल्पासाठी एखाद्या मुलीने इंटरनेटवर शोधले, तर तिला निदान तीन उत्तरे मिळतील. एक लेख ८२ म्हणेल, दुसरा १४६ आणि तिसरा २७४. यातला एकही लेखक खोटे लिहून गेलेला नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये वीस नवे चंद्र जाहीर झाले, तेव्हा शनीची संख्या ८२ वर गेली आणि त्याने गुरूला मागे टाकले. २०२३ मध्ये ती १४६ झाली. मार्च २०२५ मध्ये एकदम १२८ चंद्रांची भर पडली आणि आकडा २७४ वर पोहोचला. प्रत्येक लेख आपापल्या दिवशी बरोबर होता. पण तिन्ही लेखांवर तारीख नसेल, तर त्या मुलीपुरते त्यातले दोन चुकीचे ठरतात. शिवाय ते दोन कोणते, हे ठरवायला तिच्या हाती काहीच उरत नाही.

‘शनीला ८२ चंद्र आहेत’ हे विधान अपुरे आहे. ‘ऑक्टोबर २०१९ मध्ये शनीचे ८२ चंद्र माहीत होते’ हे विधान पूर्ण आहे, आणि ते कायमचे खरे राहील. दोहोंत फरक आहे तो फक्त तारखेचा. इंटरनेटवरच्या लेखाखालची तारीख ही पानाच्या सजावटीतली गोष्ट समजली जाते. जागा असेल तर ठेवावी, रचनेत बसत नसेल तर काढावी. माझ्या मते तारीख हा मजकुराचाच भाग आहे. ती काढली की लेखातली वाक्ये तीच राहतात, पण त्यातली किती आज खरी आहेत हे कोणालाच सांगता येत नाही.

तारीख नसल्याने काय होऊ शकते, याचे सर्वांत लख्ख उदाहरण अमेरिकेत २००८ च्या सप्टेंबरमध्ये घडले. युनायटेड एअरलाइन्स ही तिथली मोठी विमान कंपनी डिसेंबर २००२ मध्ये दिवाळखोरीत गेली होती. त्याची बातमी ‘शिकागो ट्रिब्यून’ने तेव्हाच छापली होती. पुढे कंपनी सावरली आणि २००६ च्या सुरुवातीला दिवाळखोरीतून बाहेरही पडली. जुनी बातमी मात्र त्याच वृत्तसमूहाच्या फ्लोरिडातल्या ‘सन सेंटिनेल’ या दैनिकाच्या संकेतस्थळावरील संग्रहात पडून होती, आणि तिच्यावर तारीख नव्हती.

७ सप्टेंबर २००८ च्या रविवारी, मध्यरात्र उलटून गेल्यावर कोणीतरी ती बातमी उघडली. त्या वेळी संकेतस्थळावर वर्दळ इतकी कमी होती, की तेवढ्या एका भेटीने ती व्यापारविषयक पानावरच्या ‘सर्वाधिक वाचलेल्या’ बातम्यांच्या यादीत जाऊन बसली. थोड्याच वेळात गूगलचा बातम्या गोळा करणारा प्रोग्राम तिथे आला. त्याला यादीत एक नवी लिंक दिसली. लिंक उघडल्यावर बातमीला तारीख नव्हती, पण पानाच्या माथ्यावर त्या दिवसाची तारीख झळकत होती. यंत्राने बातमी ताजी समजून गूगल न्यूजमध्ये घेतली. सोमवारी सकाळी गुंतवणूकविषयक माहिती पुरवणाऱ्या एका छोट्या संस्थेतल्या माणसाने दिवाळखोरीच्या बातम्या शोधल्या, तेव्हा ही बातमी वर आली. त्याने तिचा गोषवारा ब्लूमबर्गच्या सेवेवर टाकला, आणि शेअर बाजारातले दलाल दिवसभर डोळे लावून बसतात ते पडदे हेच. काही मिनिटांत युनायटेडच्या शेअरचा भाव सुमारे १२ डॉलरवरून ३ डॉलरपर्यंत कोसळला. व्यवहार थांबवावे लागले. कंपनीने खुलासा केला, भाव बराचसा सावरला, तरी दिवसअखेर तो आदल्या दिवसापेक्षा सुमारे ११ टक्के खालीच होता. घबराटीत विकलेले व्यवहार रद्द झाले नाहीत. अर्थशास्त्रज्ञांनी पुढे या प्रकरणाचा अभ्यास केला, तेव्हा बातमी खोटी ठरल्यावरही पुढचे काही दिवस भाव दबलेलाच राहिल्याचे दिसले.

या साखळीत कोणी खोटी बातमी रचली नव्हती. वार्ताहराने २००२ मध्ये खरेच लिहिले होते. यंत्राने त्याला दिसली ती तारीख घेतली. माणसाने यंत्रावर विश्वास ठेवला. एका बातमीवर एक ओळ नव्हती, एवढीच काय ती उणीव. आणखी एक गोष्ट इथे लक्षात ठेवण्याजोगी आहे. पानावर तारीख होतीच, पण ती पानाची होती, बातमीची नव्हती. आपल्याकडच्या कितीतरी संकेतस्थळांवर आजही हाच प्रकार चालतो. माथ्यावर आजचा वार आणि तारीख दिमाखात असते, तळाशी ‘शेवटचे अद्ययावत’ म्हणून सगळ्या पानांना एकच दिनांक लावलेला असतो, आणि मधल्या मजकुराचा जन्म कधीचा याचा पत्ता नसतो. अशी तारीख नसलेलीच बरी, कारण ती वाचकाला चुकीची खात्री देते.

शेअर बाजार लांबचा वाटत असेल, तर आपल्या दारातले उदाहरण घेऊ. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचा शासन निर्णय २८ जून २०२४ रोजी निघाला. त्यात वयाची मर्यादा २१ ते ६० होती, अधिवासाचा दाखला किंवा राज्यातला जन्मदाखला मागितला होता, पाच एकरांहून जास्त शेती असलेले कुटुंब अपात्र होते आणि अर्जाची मुदत १५ जुलैपर्यंत होती. आठवडाही झाला नाही तोच यातले बरेच काही बदलले. वय ६५ पर्यंत वाढले. शेतीची अट निघाली. अधिवासाच्या दाखल्याऐवजी १५ वर्षांपूर्वीचे रेशनकार्ड किंवा मतदार ओळखपत्र, नाहीतर शाळा सोडल्याचा दाखला चालेल असे ठरले. पिवळे आणि केशरी कार्ड असलेल्यांना उत्पन्नाच्या दाखल्यातून सूट मिळाली. मुदत ३१ ऑगस्टपर्यंत गेली, पुढे आणखी वाढली. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसीची नवी अट आली.

आता त्या पहिल्या चार-पाच दिवसांत लिहिलेले असंख्य लेख डोळ्यांसमोर आणा. ‘लाडकी बहीण योजना : संपूर्ण माहिती’ अशा मथळ्याचे, कागदपत्रांची यादी दिलेले, बारकाईने लिहिलेले. ते अजूनही शोधात सापडतात आणि व्हॉट्सॲपवर फिरतात. ज्या लेखावर ‘३० जून २०२४’ असे लिहिलेले आहे, तो वाचणारी बाई किंवा तिचा कॉलेजात जाणारा मुलगा निदान शंका तरी घेईल, की यानंतर काही बदलले का? ज्याच्यावर काहीच नाही, तो वाचून ६२ वर्षांची बाई आपण बसत नाही असे समजून गप्प राहील, किंवा सात एकरवाल्या घरातली सून अर्जच करणार नाही. दुसरी कोणी अधिवासाच्या दाखल्यासाठी तहसील कार्यालयात रोजगार बुडवून खेपा घालील. अशा माणसांचे नुकसान कोणत्याही बाजाराच्या पडद्यावर दिसत नाही, म्हणून त्याची गणतीही होत नाही. मला ते युनायटेडच्या शेअरपेक्षा जास्त लागते.

कायद्याच्या बाबतीत तर तारीख दोनदा महत्त्वाची ठरते. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. खुनाच्या शिक्षेचे कलम ३०२ होते, ते १०३ झाले. नव्या संहितेत ३०२ हा आकडा आहेच, पण तिथे धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने शब्द उच्चारण्याचा गुन्हा आहे. फसवणुकीसाठी ज्या ४२० चा उच्चार लहान पोरांच्या तोंडीही असतो, ते कलम नव्या संहितेत नाहीच, कारण एकूण कलमेच ३५८ आहेत. ‘कलम ३०२ म्हणजे काय?’ असा तारखेविनाचा लेख वाचणाऱ्याला कोणत्या संहितेबद्दल चालले आहे, हे कसे कळावे? आणि जुना लेख सरसकट बाद झाला असेही नाही. १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या गुन्ह्याला जुनी संहिताच लागू आहे, असे खटले अजून बरीच वर्षे चालतील. म्हणजे गुन्हा कधीचा आणि लेख कधीचा, या दोन्ही तारखा हाताशी असल्या तरच त्या लेखाचा उपयोग.

करांचेही तसेच. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पाने घर विकताना लागणाऱ्या दीर्घकालीन भांडवली नफ्यावरचा कर २० टक्क्यांवरून साडेबारा टक्के केला, पण महागाईनुसार खरेदीची किंमत वाढवून धरण्याची सवलत काढून घेतली. पंधरा दिवसांत दुरुस्ती आली. त्या तारखेआधी घेतलेल्या घर-जमिनीच्या बाबतीत निवासी व्यक्तींना दोहोंपैकी जो कर कमी पडेल तो भरण्याची मुभा मिळाली. जुलैच्या शेवटच्या आठवड्यातला लेख आणि ऑगस्टच्या मध्यातला लेख, दोन्ही ‘नव्या नियमा’बद्दलच बोलतात. वडिलोपार्जित फ्लॅट विकायला निघालेल्या माणसाला त्यातला चुकीचा हाती लागला, तर फरक लाखांत जाऊ शकतो.

आरोग्याच्या लेखांत पैशांपेक्षा मोठे काही पणाला लागलेले असते. कोविडची वर्षे आठवा. मार्च २०२० मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने आरोग्य कर्मचाऱ्यांना प्रतिबंध म्हणून हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेण्याची सूचना केली. त्याच महिन्याच्या अखेरीस अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्या औषधाला तातडीच्या वापराची परवानगी दिली आणि १५ जून २०२० ला ती मागे घेतली. सर्वसामान्य निरोगी माणसाला मास्कची गरज नाही असे आधी सांगणाऱ्या जागतिक आरोग्य संघटनेने ५ जून २०२० च्या मार्गदर्शनात, जिथे अंतर राखणे शक्य नाही तिथे कापडी मास्क वापरावा असे सांगितले. बऱ्या झालेल्या रुग्णाचा प्लाझ्मा देण्याच्या उपचारातून मध्यम आजारी रुग्णांना लाभ होत नाही, हे भारतातल्याच ३९ रुग्णालयांतल्या चाचणीतून ऑक्टोबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाले होते. तरी दुसऱ्या लाटेत एप्रिल २०२१ मध्ये पुण्या-मुंबईतले नातेवाईक प्लाझ्मादात्यासाठी रात्रभर फोन फिरवत होते. मे २०२१ मध्ये तो उपचार राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतून काढला गेला. विज्ञान पुरावा मिळेल तसे बदलते, हे त्याचे बळ आहे. पण वाचकाला तो बदल क्रमाने दिसायला हवा. सगळे लेख एकाच सपाट वर्तमानकाळात समोर आले, तर त्याला त्यात फक्त विसंगती दिसते. मग ‘डॉक्टरांनाच काही कळत नाही’ असा निष्कर्ष तो काढतो, आणि त्याबद्दल त्याला दोष देता येत नाही.

हे सारे कागदाच्या जगाला फार पूर्वीच उमगले होते. १८६७ च्या मुद्रणविषयक कायद्याच्या पाचव्या कलमात वृत्तपत्राच्या प्रत्येक प्रतीवर मालकाचे आणि संपादकाचे नाव असावे, त्यासोबत प्रकाशनाची तारीखही असावी असे बंधन होते. दैनिके तर तारीख प्रत्येक पानाच्या माथ्यावर छापतात, त्यामुळे कात्रण काढणारा तो माथा धरून कापतो. मराठी पुस्तकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या पानावर पहिली आवृत्ती कधीची, दुसरी कधीची हे असते, आणि आपले जुने प्रकाशक ‘सुधारित आवृत्ती’ आणि ‘पुनर्मुद्रण’ यांत काटेकोर भेद करत आले. मराठी विश्वकोशातल्या गावांच्या नोंदी उघडून पाहा. लोकसंख्येच्या आकड्यानंतर कंसात जनगणनेचे साल दिलेले आढळेल. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. त्या नोंदी आता इंटरनेटवर वाचल्या जातात, आणि आकडा पन्नास वर्षांपूर्वीचा असूनही कोणाची फसगत होत नाही, कारण संपादकांनी तो आकडा सालाला बांधून ठेवला.

सरकारी कागदाला आपण रुक्ष म्हणतो, पण या एका बाबतीत त्याच्याकडून शिकण्यासारखे आहे. महाराष्ट्र शासनाच्या निर्णयावर वर दिनांक असतो. ‘वाचा’ या शीर्षकाखाली आधीच्या संबंधित निर्णयांची जंत्री त्यांच्या दिनांकांसह असते. शेवटी जो लांबलचक संगणक संकेतांक असतो, त्याचे पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना आणि दिवस. २०२४०६२८ ने सुरू होणारा संकेतांक दिसला की तो निर्णय २८ जून २०२४ चा. व्हॉट्सॲपवर आलेल्या निर्णयाचे पहिले पान गळले असले, तरी शेवटच्या पानावरून त्याची तारीख काढता येते. ज्याने ही रचना ठरवली, त्याने कागद सुटा होऊन फिरणार हे ओळखले होते. इंटरनेटवरचा लेख तर जन्मतःच सुटा असतो. मासिकाचा अंक, मागचे-पुढचे पान, मुखपृष्ठ यांपैकी काहीच त्याच्या सोबत नसते. म्हणून त्याला तारखेची गरज कागदापेक्षा जास्त आहे.

तारीख नसलेल्या मजकुराचा जाच कसा असतो, हे मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांना विचारावे. पेशवाईतल्या पुष्कळ पत्रांवर चंद्र, म्हणजे चांद्र महिन्यातला दिवस, आणि मुसलमानी महिना असतो, साल नसते. लिहिणाऱ्याला ते लिहिण्याची गरज वाटली नाही. पत्र आठ-दहा दिवसांत पोहोचणार, वाचणाऱ्याला साल माहीतच आहे. पण दीडशे वर्षांनी इतिहासाचार्य राजवाडे आणि त्यांच्यामागून आलेले संशोधक ती दप्तरे उघडून बसले, तेव्हा एकेका पत्राचे साल ठरवताना त्यांना मजकुरातले तपशील पिंजावे लागले. कोणाचा मुक्काम कुठे आहे, कोण जिवंत आहे, कोणत्या मोहिमेचा उल्लेख आहे, वार आणि चंद्र यांचा मेळ कोणत्या साली बसतो? अनुमान चुकले की पत्र भलत्याच घटनेला जोडले जाई, आणि पुढचा संशोधक ते दुरुस्त करी. आजचा लेखक नेमकी त्या पत्रलेखकाचीच समजूत करून घेतो. आपण आज लिहितो आहोत आणि वाचणाराही आजच वाचणार आहे. म्हणूनच त्याच्या लिखाणात ‘यंदा’, ‘नुकतेच’, ‘येत्या सोमवारपासून’, ‘विद्यमान मुख्यमंत्री’ बेधडक येतात. तारीख शेजारी असेल तर हे शब्द निर्धोक आहेत, नसेल तर पोकळ.

मग लोक तारीख काढतात तरी का? पुष्कळदा ते जाणूनबुजून असते, आणि त्यामागे हिशेब असतो. शोधाच्या निकालांत चार लेख समोर आले, तर वाचक सर्वांत नव्यावर बोट ठेवतो. जुनी तारीख दिसली की तो पुढे सरकतो. वाचक गेला की जाहिरातीचे पैसे गेले. म्हणून ‘सदाबहार’ मजकूर लिहा आणि तारीख लपवा, असा सल्ला या धंद्यात राजरोस दिला जातो. काहींना दुसरीच लाज वाटते. शेवटचा लेख तीन वर्षांपूर्वीचा दिसला, तर संकेतस्थळ ओस पडले आहे असे लोक म्हणतील. काहींच्या बाबतीत तर कोणी काही ठरवलेलेच नसते. विकत घेतलेल्या तयार साच्यात तारखेची जागा नव्हती, एवढेच.

या हिशेबात एक गृहीत दडलेले आहे, की जुने म्हणजे टाकाऊ. ते मला मुळीच पटत नाही. २००५ मध्ये लिहिलेल्या लेखात प्लूटो नववा ग्रह असेल, तर तो लेख चुकीचा नाही. २४ ऑगस्ट २००६ ला खगोलशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ग्रहाची व्याख्या केली, त्याआधीचा तो पुरावा आहे. कोयनेच्या डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर लगेच लिहिलेला लेख आणि पन्नास वर्षांच्या नोंदी हाताशी असताना लिहिलेला लेख, दोघांचे मोल वेगवेगळे आहे, आणि ते मोल तारखेमुळेच आहे. तारीख झाकली की चांगल्या जुन्या लेखाचा साक्षीदारपणा जातो आणि तो नव्या लेखांच्या गर्दीत एक कमअस्सल नवा लेख होऊन उभा राहतो. पुरणपोळीच्या कृतीला किंवा कवितेच्या रसग्रहणाला तारखेने काय फरक पडतो, असे कोणी म्हणेल. फरक कमी पडतो हे खरे. पण जुनेपणा इथे आड येतो की नाही, हे ठरवण्याचा अधिकार वाचणाऱ्याचा आहे. लिहिणाऱ्याने तो परस्पर वापरू नये.

लपवण्याहून वाईट प्रकार म्हणजे तारीख बदलणे. मजकुरात स्वल्पविरामही न हलवता लेखावर आजची तारीख चढवायची, म्हणजे तो पुन्हा ताजा. पुनर्मुद्रणाला सुधारित आवृत्ती म्हणून विकण्याचाच हा प्रकार. गूगलनेही संकेतस्थळांना दिलेल्या सूचनांत अशी कृत्रिम ताजेपणाची युक्ती करू नये आणि लेखाची तारीख वाचकाला स्पष्ट दिसेल अशी ठेवावी, असे सांगितले आहे. लेख खरोखर सुधारला असेल तर दोन तारखा द्याव्यात, पहिल्या प्रसिद्धीची आणि शेवटच्या सुधारणेची. सोबत काय बदलले याची एक ओळ असली, तर वाचकाचा निम्मा शोध वाचतो. ‘पहिली प्रसिद्धी ३० जून २०२४, ४ जुलै २०२४ रोजी वयोमर्यादा, कागदपत्रे आणि मुदत सुधारली’ एवढे लिहायला एक मिनिटही लागत नाही.

हे करणारे लोक आहेत. ब्रिटनमधल्या ‘गार्डियन’ने २०१९ मध्ये आपल्या जुन्या लेखांच्या माथ्यावर ‘हा लेख इतक्या वर्षांपूर्वीचा आहे’ अशी पिवळी पट्टी लावायला सुरुवात केली. लेख समाजमाध्यमांवर फिरतो तेव्हा सोबतच्या चित्रावरही त्याचे साल उमटेल, अशी सोय केली. कारण तिथे बहुतेक लोक लेख उघडतच नाहीत, मथळा आणि चित्र पाहूनच पुढे पाठवतात. फेसबुकने जून २०२० पासून, नव्वद दिवसांहून जुना लेख कोणी पुढे पाठवू लागला तर आधी तसे सांगणारी सूचना दाखवायला सुरुवात केली. विकिपीडियाच्या प्रत्येक पानामागे प्रत्येक बदलाचा दिवस आणि वेळ नोंदलेली असते. मे २००३ मध्ये सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावरही ‘इतिहास’ या कळीवर बोट ठेवले की ते सगळे उघडते.

तारीख नसलेला लेख समोर आला तर वाचकाने काय करावे? आधी पानाचा पत्ता वाचावा. पुष्कळ पत्त्यांत वर्ष आणि महिना असतो. तिथे नसेल, तर लेखातल्या एखाद्या चित्राचा पत्ता पाहावा. अनेक संकेतस्थळे ज्या वर्डप्रेस प्रणालीवर चालतात, ती चित्रे आपसूक वर्ष-महिन्याच्या कप्प्यांत ठेवते, आणि लेखाची तारीख पुसणाऱ्याला चित्राची पुसायचे सहसा सुचत नाही. इंटरनेट अर्काइव्ह ही १९९६ पासून जगभरच्या पानांच्या प्रती साठवणारी संस्था आहे. तिच्या ‘वेबॅक मशीन’मध्ये पत्ता टाकला की त्या पानाची पहिली प्रत कधी घेतली गेली ते दिसते. लेख निदान त्या दिवशी अस्तित्वात होता, एवढे तरी पक्के होते. शोधयंत्र दाखवते ती तारीख मात्र पुष्कळदा यंत्राचा अंदाज असतो. युनायटेडची गोष्ट तिथेच घडली. काहीच हाती लागले नाही, तर राजवाड्यांच्या वाटेने जावे. मजकुरात मंत्री कोण आहेत, सिलिंडर केवढ्याला आहे, कोणत्या अर्थसंकल्पाचा उल्लेख आहे यांवरून साल जुळवावे. आणि तेही जमले नाही, तर त्या लेखावर विसंबून अर्ज, औषध किंवा व्यवहार करू नये.

तारीख कशी लिहावी, हेही महत्त्वाचे आहे. ०५/०८/२०१९ ही आपल्याकडे पाच ऑगस्ट, अमेरिकेत आठ मे. मराठी लेख न्यू जर्सीत आणि ह्यूस्टनमध्येही वाचले जातात, आणि तिथे वाढलेली मुले तारीख त्यांच्या रीतीने वाचतात. घोटाळा टाळण्यासाठी आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९८८ मध्ये वर्ष-महिना-दिवस असा क्रम ठरवून दिला, शासन निर्णयाच्या संकेतांकात असतो तोच. माणसांसाठी सर्वांत सोपे म्हणजे महिना अक्षरांत आणि वर्ष पूर्ण लिहिणे : ५ ऑगस्ट २०१९. ‘तीन दिवसांपूर्वी’ किंवा ‘दोन वर्षांपूर्वी’ असे मोघम लिहू नये. कोणी त्याचा फोटो काढून पुढे पाठवला की ते शब्द त्या क्षणी थिजतात.

मराठीत संकेतस्थळ चालवणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. दिवाळी अंकांचे जुने लेख इंटरनेटवर आणणाऱ्या संपादकांना, सरकारी योजनांची माहिती देणाऱ्या तरुणांना, आरोग्यावर तळमळीने लिहिणाऱ्या डॉक्टरांना आणि शेतीसल्ला देणाऱ्या कृषिपदवीधरांनाही. मथळ्याखाली, लेखकाच्या नावाशेजारी, पहिल्या नजरेत दिसेल अशी पूर्ण तारीख छापा. जुन्या लेखांची नेमकी तारीख सापडत नसेल तर निदान साल लिहा, अंकातून घेतला असेल तर अंकाचे नाव आणि वर्ष लिहा. आणि वाचकहो, पुढच्या वेळी कोणी माहितीचा लेख पाठवला, तर तो पुढे ढकलण्याआधी एवढेच विचारा : हा कधीचा आहे? उत्तर मिळाले नाही, तर लेख पुढे पाठवू नका.